किमान रक्कम भरली, तरी व्याज?

प्रश्न : गणपतीला आम्ही दरवर्षी गुहागरकडच्या गावी जातो. मखर स्वतः करायचा मला छंद आहे. यंदा सामान, प्रवास, पाहुणे मिळून क्रेडिट कार्डावर ४०,००० रुपये झाले. ‘किमान देय रक्कम’ मी वेळेवर भरतो, म्हणजे व्याज लागत नाही ना? वडील मात्र ‘ऋण काढून सण’ म्हणून रागावलेत.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : व्याज लागतं, आणि भरपूर लागतं. किमान रकमेने फक्त विलंब शुल्क टळतं. महिना साडेतीन टक्के दर धरला, तर ४०,००० वर १,४०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २५२. तुम्ही २,००० भरलेत तर मुद्दल जेमतेम ३५० रुपयांनी उतरतं. शिवाय बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. त्यात किराणाही आला.

घाबरू नका, ही रक्कम फिटण्यासारखी आहे. आधी कार्ड वापरणं थांबवा. मुदत ठेव असेल तर ती मोडा. तिचं व्याज कार्डाच्या व्याजापुढे फारच कमी आहे. नसेल तर बँकेकडून थकबाकीचे हप्ते बांधून घ्या किंवा सोनेतारण कर्ज काढा. दर आणि प्रक्रिया शुल्क लेखी मागा. कार्डावरून रोख रक्कम मात्र काढू नका.

वडिलांचं म्हणणं मला पटतं, पण त्यासाठी मखर सोडू नका. कर्ज फिटलं की दरमहा ३,५०० रुपयांचं आवर्ती ठेव खातं उघडा. बारा महिन्यांत व्याज सोडून ४२,००० जमतात.