घाटात गाडी का तापते? : रेडिएटर आणि त्याचा धाकटा भाऊ

खोपोलीहून बोरघाट चढून खंडाळ्याला जाताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी जुनी मोटार तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. आतून वाफ निघत असते आणि चालक पाण्याचा डबा घेऊन ताटकळत असतो. बोरघाटातला हा रस्ता १८३० साली खुला झाला. १८६३ साली कर्जतवरून रेल्वेही घाट चढली. तिचा चढ ३७ मीटरला १ मीटर इतका उभा असल्यामुळे कर्जतला गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. मोटारीला मात्र असा मदतनीस मिळत नाही. सगळा भार तिच्या एकाच इंजिनावर पडतो.

हा भार किती, ते गणित करूनच पाहू.

घाटाचे गणित

माणसे व सामान धरून गाडीचे वस्तुमान १२०० किलोग्रॅम आणि चढायची उंची ५०० मीटर धरा. मग गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करावे लागणारे कार्य असे :

१२०० × ९.८ × ५०० = सुमारे ५९ लाख ज्यूल.

आता पेट्रोलच्या इंजिनाची गंमत पाहा. पेट्रोल जळून मिळणाऱ्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. दुसरा तृतीयांश धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला इंजिनाच्या धातूला तापवतो. म्हणजे घाट चढण्यासाठी ५९ लाख ज्यूल कार्य झाले, तर जवळजवळ तितकीच उष्णता इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला वाहून न्यावी लागते.

गाडीत ६ लिटर पाणी आहे आणि घाटाच्या पायथ्याशी ते ८५ अंश सेल्सिअसला आहे असे माना. ते १०० अंशांवर जाण्यास लागणारी उष्णता :

६ × ४२०० × १५ = ३ लाख ७८ हजार ज्यूल.

पाण्याने ही उष्णता बाहेर टाकलीच नाही, तर पहिली ३०–३५ मीटर उंची चढेपर्यंतच ते उकळू लागेल! इंजिनाचा धातूही थोडी उष्णता शोषतो, म्हणून प्रत्यक्षात किंचित उशीर लागेल, इतकेच. तेव्हा उष्णता सतत हवेत सोडून देणे भाग आहे. हे काम रेडिएटर करतो. त्याच्या बारीक नळ्यांतून गरम पाणी वाहते, नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांमुळे पृष्ठभाग वाढतो आणि पंख्याचा वारा उष्णता घेऊन जातो.

घाटात नेमकी येथेच अडचण येते. खालच्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरते, पण गाडी हळू चालते, त्यामुळे समोरून वारा कमी मिळतो. शिवाय रेडिएटर किती उष्णता टाकतो हे पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. हवा २५ अंशांवर असताना हा फरक ६० अंश असतो. कर्जत–खालापूरच्या वैशाखात हवा ४० अंशांवर गेली, की तो ४५ अंशच उरतो. म्हणजे रेडिएटरची शक्ती चौथाईने घटली!

उन्हाळ्यात हीटर!

रेडिएटरला एक धाकटा भाऊ असतो. थंड प्रदेशांसाठी बनलेल्या जुन्या गाड्यांत आणि हल्लीच्या बहुतेक वातानुकूलित गाड्यांत डॅशबोर्डच्या मागे वहीएवढा एक छोटा रेडिएटर बसवलेला असतो. इंजिनाचे गरम पाणी दोन रबरी नळ्यांनी त्यात येते-जाते आणि एक पंखा त्यावरून हवा आत सोडतो. हाच गाडीचा हीटर. घाटात गाडी तापू लागली, की जाणते चालक भर उन्हाळ्यात काचा खाली करून हा हीटर चालू करतात. आतल्यांना घाम फुटतो, पण इंजिनाची काही उष्णता या वाटेने बाहेर पडते.

मात्र हा धाकटा भाऊ गळू लागला, तर उलटेच होते. पाणी कमी होऊन इंजिन अधिकच तापते. गळतीची लक्षणे सोपी आहेत : पुढच्या सीटखालचा गालिचा ओला होतो, काचेवर आतून तेलकट धुके जमते आणि गोडसर वास येतो. हा वास पाण्यात मिसळलेल्या इथिलीन ग्लायकॉलचा. ते विषारी आहे. चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरे ते चाटतात, म्हणून सांडलेले ताबडतोब पुसावे.

गळती का होते? नळ्या तांब्या-पितळेच्या, डाख कथिल-शिशाचा आणि इंजिन लोखंडाचे. निरनिराळे धातू क्षारयुक्त पाण्यात एकत्र आले, की विद्युतघटासारखी क्रिया होऊन धातू झिजतो. बोअरचे पाणी वारंवार भरल्यास हे लवकर घडते. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट वापरावे.

दुरुस्ती कशी करतात?

वाटेत तात्पुरता उपाय म्हणून, इंजिन थंड झाल्यावर, हीटरच्या दोन नळ्या सोडवून इंजिनाकडची टोके एकमेकांना जोडतात. पाणी हीटरला वगळून फिरते. पुढे गॅरेजात जुन्या तांब्याच्या हीटरला डाख देता येतो. फार झिजला असल्यास तो बदलतात. त्याचा क्रम असा :

१. थंड इंजिनातले पाणी भांड्यात काढून घ्यावे.
२. रबरी नळ्या ओढू नयेत. जुन्या नळ्या उभ्या चिरून काढाव्यात, नाहीतर पातळ नळकांडे वाकते.
३. डॅशबोर्डचा खालचा भाग व हीटरची पेटी सोडवून जुना हीटर काढावा.
४. नवा बसवताना कडेच्या स्पंजाच्या पट्ट्या व क्लिपा नव्या घालाव्यात.
५. हीटरची तोटी पूर्ण उघडी ठेवून पाणी भरावे व अडकलेली हवा बाहेर काढावी. हवेचा बुडबुडा राहिला, तर पाणी फिरत नाही.

झाकणाला हात लावू नका!

रेडिएटरचे झाकण पाणी दाबाखाली ठेवते, त्यामुळे ते १०० अंशांच्या पुढेही उकळत नाही. समजा, आत ११५ अंशांचे ६ लिटर पाणी आहे. झाकण उघडताच दाब जातो आणि जादा ३ लाख ७८ हजार ज्यूल उष्णतेने सुमारे १६७ ग्रॅम पाण्याची क्षणात वाफ होते. तिचे आकारमान जवळजवळ २८० लिटर! ही वाफ उकळते पाणी चेहऱ्यावर उडवते. म्हणून इंजिन बंद करून, पुरते थंड होईपर्यंत थांबणे हाच खरा उपाय आहे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास धातूला तडाही जाऊ शकतो.

विचार करा

१. उंची दर ३०० मीटर वाढली, की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. खंडाळा समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. तेथे उघड्या भांड्यात पाणी किती अंशांवर उकळेल?
२. वरील गाडीत ६ ऐवजी ३ लिटरच पाणी उरले, तर ते किती उंची चढेपर्यंत उकळेल?