श्वसनाच्या रकान्यातला 20

चि. बाळ,


तुझा मेसेज पोचला. तिसरं वर्ष, सेमिस्टर तोंडावर, दोन केस प्रेझेंटेशन बाकी, आणि होस्टेलवरच्या निम्म्या मुलींनी एनक्लेक्सची, म्हणजे अमेरिकेतल्या नर्सिंग परवान्याच्या परीक्षेची, ॲपं घेतली म्हणून तुझी झोप उडालेली. ‘आत्या, अभ्यास कधीपासून सुरू करू?’ एवढंच तू विचारलंस. फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं, पण 34 वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला या प्रश्नावर दोन वाक्यांत थांबवेना. म्हणून तुझी आत्या कागद घेऊन बसली आहे.

आत्याच्या मते तुझा अभ्यास पहिल्या वर्षीच सुरू झाला, हातात थर्मामीटर देऊन तुला कॉटपाशी उभं केलं त्या दिवशी. तो खरा झाला की नुसता कागदावर झाला, एवढंच आता बघायचं आहे.

आत्या जनरल नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हाची गोष्ट. पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, रात्रपाळी, 40 कॉटा आणि खाली गाद्या टाकून आणखी काही पेशंट. पहाटे पाचला टीपीआर घ्यायचा. ताप खरा पाहिला जायचा, नाडी पंधरा सेकंद मोजून चारनं गुणली जायची, आणि श्वसनाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 20, 20, 20. आधीच्या पाळीनं तेच लिहिलेलं, त्याच्या आधीच्या पाळीनंही तेच. 14 नंबरच्या कॉटवर एक शेतकरी होता, आतड्याच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस. त्याच्यापुढेही आत्यानं 20 लिहिलं.

सहाला इन्चार्ज सिस्टर राउंडला आल्या आणि त्याच्या पायाशी थांबल्या. चार्ट त्यांनी पाहिलाच नाही. त्याची चादर छातीखाली सरकवली आणि म्हणाल्या, ‘मोज. पूर्ण एक मिनिट.’ 36 भरले. नाकपुड्या फुलत होत्या, मानेचे स्नायू ओढले जात होते, आणि कसं वाटतंय विचारलं की तो माणूस ‘बरंय सिस्टर’ म्हणत होता. आतले टाके गळत होते. त्याच दिवशी त्याला परत टेबलावर घेतलं, आणि तीन आठवड्यांनी तो आपल्या पायांनी घरी गेला. सिस्टरांनी आत्याला 20 खोडू दिला नाही. त्याच्यावर एक सरळ रेघ मारून शेजारी 36 लिहायला लावलं, वेळ टाकायला लावली आणि सही करायला लावली. खाडाखोड न करता चूक कशी दुरुस्त करायची, हे आत्या त्या पहाटे शिकली.

नाडी, रक्तदाब आता यंत्र सांगतं, ऑक्सिजन बोटाला चिमटा लावला की दिसतो. श्वास मात्र आपल्या बहुतेक वॉर्डांत अजून डोळ्यांनीच मोजावा लागतो, आणि म्हणून तोच सगळ्यांत जास्त खोटा लिहिला जातो. माणूस बिघडायला लागला की बऱ्याचदा आधी श्वासच बदलतो. रक्तदाब शरीर बराच वेळ सावरून धरतं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं 2012 मध्ये ‘न्यूज’ नावाची गुणपद्धत काढली. तिच्यात मिनिटाला 12 ते 20 श्वासांना शून्य गुण, 21 ते 24 ला 2, आणि 25 किंवा जास्त असतील तर थेट 3. एका रकान्यात 3 आले की पेशंटला तातडीनं पुन्हा तपासायचं. म्हणजे आपण आंधळेपणानं लिहितो तो 20 हा ‘काही नाही, सगळं ठीक’ असा निरोप असतो, आणि डॉक्टर त्यावर विश्वास ठेवतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या 1859 च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या छोट्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर अख्खं प्रकरण आहे. सवड काढून वाच.

आता परीक्षेचं. आपल्याकडे पदवी हाती आली की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते. अमेरिकेत पदवी वेगळी आणि परवाना वेगळा. तिथं शिकलेल्या मुलीलाही शेवटी एनक्लेक्स द्यावीच लागते, आणि तुझ्यासाठीही तीच परीक्षा, तीच पातळी. केंद्र मुंबईतही आहे. 1994 पासून ती संगणकावर होते, आणि पुढचा प्रश्न संगणक तुझ्या आधीच्या उत्तरांवरून निवडतो: बरोबर आलं की जरा अवघड, चुकलं की जरा सोपा. कमीत कमी 85 प्रश्न, जास्तीत जास्त 150, वेळ पाच तास. त्यातले 15 गुणांत धरत नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. एकदा उत्तर दिलं की मागे जाता येत नाही. उमेदवार पातळीच्या वर आहे की खाली, याची 95 टक्के खात्री झाली की संगणक थांबतो. कुणाचा 85 ला थांबतो, कुणाचा 150 पर्यंत जातो, आणि नुसत्या आकड्यावरून निकाल सांगता येत नाही.

याचा एक परिणाम आधीच ठाऊक असू दे. चांगल्या मुलीचेही पुष्कळ प्रश्न चुकतात, कारण ते यंत्र तिला तिच्या कुवतीच्या काठावर ठेवतं. विद्यापीठाच्या पेपरात प्रश्न येत नसला की सोडून पुढं जायची, शेवटी परत यायची सवय असलेली मुलगी इथं तिसाव्या प्रश्नाला हबकते. आत्याच्या हाताखालून गेलेल्या एका मुलीनं केंद्राबाहेर येऊन रडत फोन केला होता, ‘सगळं गेलं.’ ती पास होती. नापास झालीस तरी 45 दिवसांनी पुन्हा बसता येतं.

एप्रिल 2023 पासून या परीक्षेत केस स्टडी आल्या आहेत. एका पेशंटची कागदपत्रं समोर ठेवतात आणि त्याच्यावर सहा प्रश्न: यातलं लक्ष देण्याजोगं काय, त्याचा अर्थ काय, सगळ्यांत आधी कशाची शंका घ्यायची, काय काय करता येईल, आत्ता काय करायचं, आणि केलेल्याचा उपयोग झाला का. अशा तीन केस. हे सहा प्रश्न म्हणजे त्या पहाटे इन्चार्ज सिस्टर 14 नंबरच्या पायाशी थांबून मनात करत होत्या तेच. ॲपमधल्या प्रश्नांनी याचा सराव होईल, पण खरी तयारी कॉटपाशीच होते.

आणि कॉटपाशी तुझ्याकडे एक गोष्ट आहे, ती नीट वापर. तुझे पेशंट मराठीत सांगतात. ‘जीव घाबरा होतोय’ असं एखादी आजी म्हणते तेव्हा तिला दम लागलेला असेल, साखर उतरली असेल, हृदयाचा झटका असेल, किंवा मुलगा भेटायला आला नाही म्हणून काळजी असेल. ‘छातीत भरून आल्यासारखं’, ‘गळून गेल्यासारखं’, ‘अंगाला दरदरून घाम’. एक वही कर. डाव्या पानावर पेशंटचे शब्द जसेच्या तसे, उजव्या पानावर तू काय पाहिलंस, काय मोजलंस, आणि शेवटी ते काय निघालं. रोज एकच पेशंट. इंग्रजी संज्ञा नंतर शेजारी लिही. संज्ञा पाठ आणि पेशंट कधी पाहिलेला नाही, अशा मुली आत्यानं फार पाहिल्या. केस स्टडीत त्याच अडखळतात.

तुला खरा त्रास होईल तो वेगळ्याच ठिकाणी. एनक्लेक्समधलं हॉस्पिटल आणि आपलं हॉस्पिटल यांत फार अंतर आहे. तिथं माणसं पुरेशी, सामान पुरेसं, आणि कोणतं काम कुणी करायचं याच्या हद्दी आखलेल्या. आपल्याकडे पेशंटला कूस बदलून देणं, भरवणं, भांडं देणं हे नातेवाईक करतात, नाही तर वॉर्डातल्या मावशी आणि मामा. त्यामुळे कोणतं काम मदतनिसाला देता येतं आणि कोणतं नोंदणीकृत नर्सनं स्वतःच करायचं, या प्रश्नांत आपल्या मुली हमखास चुकतात. पहिली तपासणी, पेशंटला शिकवणं आणि परिस्थिती पाहून ठरवणं हे नर्सचं. ठरलेल्या रिवाजानं करायचं काम, तेही स्थिर पेशंटचं, मदतनिसाचं. हे एकदा डोक्यात बसव.

दुसरं त्याहून नाजूक. ‘सिस्टर, आईला कॅन्सर आहे हे सांगू नका’, असं मुलगा दारात थांबवून सांगतो. आपल्या वॉर्डात त्याचं ऐकलं जातं. परीक्षेत ते उत्तर चूक, कारण शुद्धीवर असलेल्या माणसाच्या आजाराची माहिती आधी त्याची आहे. आत्याला पुढं पुढं वाटायला लागलं की याबाबत परीक्षेचंच बरोबर आहे. कितीतरी बायकांना सगळं कळलेलं असायचं, आणि त्या मुलांसाठी न कळल्याचं दाखवत एकट्या पडायच्या. निदान सांगणं डॉक्टरांचं काम, पण ‘तुम्हाला काय वाटतंय, काय विचारायचंय’ एवढं कॉटपाशी बसून विचारणं तुझं आहे.

औषधांवर मात्र आत्या थोडी जास्त थांबणार आहे. सरकारी दवाखान्यातल्या इन्सुलिनच्या बाटलीत बहुतेक वेळा एका मिलीलिटरला 40 युनिट असतात आणि तिची लाल टोपणाची सिरिंज वेगळी. पेनच्या कार्ट्रिजमध्ये मिलीलिटरला 100 युनिट, आणि 100 च्या सिरिंजचं टोपण केशरी. अमेरिकेत नेहमीचं प्रमाण 100 चंच. आता 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत ओढलं, तर पेशंटला 20 नाही, 50 युनिट जातात. रेघ बरोबर दिसते, आणि पेशंट बेशुद्ध पडतो. सलाईनचंही तसंच. आपला नेहमीचा सेट 20 थेंबांचा, म्हणून एक लिटर आठ तासांत द्यायचं तर मिनिटाला 42 थेंब हे आपल्या ओठांवर असतं. तिथं 10 आणि 15 थेंबांचेही सेट असतात. प्रश्नात सेट दिलेला असतो, तो वाचल्याशिवाय गणिताला हात घालू नकोस.

डिसेंबर 2017 मध्ये टेनेसी राज्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात स्कॅनसाठी नेलेल्या 75 वर्षांच्या बाईंना अस्वस्थता कमी करायला व्हर्सेड द्यायचं होतं. नर्सनं औषधांच्या यांत्रिक कपाटावर त्या नावाची पहिली दोन अक्षरं टाइप केली आणि हाताला आलं ते वेक्युरोनियम, स्नायू लुळे पाडणारं. व्हर्सेड पातळ असतं. वेक्युरोनियमची भुकटी कालवावी लागते. ती कालवतानाही हात थांबला नाही, टोपणावरचा इशाराही दिसला नाही. बाई दगावल्या. नर्सनं चूक लपवली नाही. परवाना गेला, मार्च 2022 मध्ये न्यायालयानं दोषी ठरवलं आणि मे महिन्यात तीन वर्षांचं प्रोबेशन दिलं. ती नर्स वाईट होती असं आत्या म्हणणार नाही. त्या कपाटाच्या रचनेतही दोष होता. पण लेबल तीनदा वाचायचं, काढताना, भरताना, देण्याआधी, हे पहिल्या वर्षी घोकून घेतात ते एवढ्यासाठी. गर्दीत तू कितींदा वाचतेस, ते तुझं तुलाच ठाऊक.

‘आधी कुणाकडे जाशील’ या प्रश्नांना सगळे श्वसनमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम शिकवतात, आणि तो बरोबरच आहे. पण क्रम बदलायची वेळ येते तीही ओळखता यायला हवी. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दहशतवादी मुंबईच्या कामा रुग्णालयात शिरले, तेव्हा तिथल्या नर्स अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या 20 गरोदर बायकांना पँट्रीत नेऊन लपवलं. तेव्हा जागचं न हलणं हेच शहाणपण होतं. पण त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तिचा रक्तदाबही वाढलेला होता, आणि गोळीबार चालू असताना कुलथे तिला भिंतीच्या कडेकडेनं प्रसूतिगृहात घेऊन गेल्या. 20 जणींसाठी योग्य असलेली गोष्ट एकीसाठी योग्य उरली नव्हती.

वाचण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. पान पुन्हा पुन्हा वाचलं की आलं असं वाटतं, पण ते टिकत नाही. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हे तपासलं: पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्यानं घेतली तेव्हा पुस्तक मिटून आठवून पाहणारे पुढे. म्हणून दिवसाला शंभर प्रश्न उडवू नकोस. पंचवीस सोडव, आणि चुकलेल्या प्रत्येकाचं कारण स्वतःच्या शब्दांत लिही. बरोबर आलेल्यांचंही वाच, त्यातले काही नशिबानं आलेले असतात.

लॉगबुक खरं ठेव. पुढं तुझी कागदपत्रं तपासताना विषयवार थिअरीचे आणि क्लिनिकलचे तास विचारतात. मोठ्यांचे आजार, बाळंतपण, मुलं, मानसिक आरोग्य, सगळे वेगळे. येरवड्याच्या मनोरुग्णालयातलं पोस्टिंग मुली सहलीसारखं उरकतात. तू तसं करू नकोस. तिथं दिवसभर एका माणसाशेजारी बसून ऐकायला शिकलीस तर ते प्रत्येक वॉर्डात कामाला येईल.

आणि हेही समजून घे, एनक्लेक्स पास होणं म्हणजे व्हिसा नव्हे. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग वर्षानुवर्षांची आहे. कुणी एजंट ‘सहा महिन्यांत पाठवतो’ म्हणाला तर पैसे देण्याआधी कागद आत्याला आणि बाबांना दाखव.

नाइटला जेवून जात जा. पायांत चांगले बूट घाल, पैसे आत्या पाठवते. पहिला पेशंट गेल्यावर तू बाथरूममध्ये जाऊन रडलीस, हे आईनं सांगितलं. तशी रडली नाही, अशी चांगली नर्स आत्याला भेटलेली नाही.

रविवारी फोन करशील तेव्हा याचं उत्तर हवं. तू वॉर्डात एकटी आहेस. 3 नंबर, काल थायरॉइडचं ऑपरेशन झालेली बाई, म्हणते ओठांभोवती मुंग्या येतायत. 7 नंबर, सकाळचं इन्सुलिन दिलेले काका, नाश्ता अजून आला नाही, हात थरथरतोय. 9 नंबरच्या नातेवाइकानं डिस्चार्जच्या कागदासाठी आरडाओरडा मांडलाय. 11 नंबर, दम्याचा मुलगा. तासाभरापूर्वी त्याच्या छातीतली शिट्टी दारापर्यंत ऐकू येत होती, आता काही आवाज नाही, शांत पडून आहे. आधी कुणाकडे जाशील, जाऊन पहिल्यांदा काय बघशील, आणि बाकीच्या तिघांकडे तोवर कुणाला पाठवशील?

तुझी,
आत्या