सोरायसिस कातडीवर, तपासणी हृदयाचीही

‘‘डॉक्टर, हे चट्टे कधी जातील?’’ सोरायसिसच्या रुग्णाचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. आम्ही मात्र त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधू लागतो, तेव्हा तो बुचकळ्यात पडतो. आजार कातडीचा, मग रक्तदाब कशाला?

सोरायसिसमध्ये कोपर, गुडघे, डोके, कंबर येथे लालसर चट्टे उठतात आणि त्यांवर चंदेरी खवले धरतात. कोणी याला गजकर्ण समजतात, कोणी इसब. तो दोन्ही नव्हे आणि स्पर्शाने पसरतही नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा बिघडून त्वचेत दाह निर्माण होतो व नवी कातडी भराभर तयार होऊ लागते. हा दाह कातडीपुरता राहत नाही. दाह वाढवणारी द्रव्ये रक्तातून फिरतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांच्या आतल्या अस्तरालाही त्यांची झळ लागते आणि तेथे चरबीचे थर साचायला वाव मिळतो.

२००६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे डॉ. जोएल गेलफंड व सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील सुमारे १ लाख ३० हजार सोरायसिस रुग्णांच्या नोंदी तपासल्या. धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह यांचा हिशेब वेगळा काढूनही, तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतल्या रुग्णाला हृदयविकाराच्या झटक्याचा धोका समवयस्कांच्या सुमारे तिप्पट आढळला. साठीत हा फरक बराच कमी होता. तिशीत मुळात झटके कमीच येतात, तेव्हा ‘तिप्पट’ ऐकून धास्ती घेऊ नये. पण ‘अजून वय कुठे झालंय’ ही समजूत सोडावी.

त्यात भर आपण घालतो. चट्टे दिसतील या संकोचाने माणूस रंकाळ्यावर फिरायला जाणे सोडतो, तालीम सोडतो. वजन वाढते, मन खचते, मग तंबाखूची पुडी नाहीतर बाटली जवळची वाटते. बायकांची मिश्री हीसुद्धा तंबाखूच, हे विसरू नये. तांबडा-पांढरा रस्सा कायमचा सोडा, असे मी सांगणार नाही. सांगितले तरी कोल्हापुरात ऐकणार कोण! पण रोज नको, आणि वरचा कट बाजूला काढावा.

रक्तदाब, उपाशीपोटी साखर व कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. किती दिवसांनी पुन्हा तपासायचे, ते डॉक्टर सांगतील. कमरेचा घेर पुरुषांचा ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

‘हमखास गुण’ देणाऱ्या निनावी पुड्यांपासून सावध राहावे. त्यांत स्टिरॉईड मिसळलेले असू शकते. त्याने चट्टे झटपट विरतात खरे, पण रक्तदाब व साखर वाढते, आणि पुडी एकदम थांबली की आजार दुप्पट जोराने उसळू शकतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही चट्टे वाढतात. तरी गोळी परस्पर बंद करू नये, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधे दाखवावीत.

छातीवर दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम असे काही झाले, तर ‘पित्त असेल’ म्हणून सोडा पीत बसू नये. १०८ ला फोन करून ताबडतोब रुग्णालय गाठावे, आणि तेथे सोरायसिस असल्याचे आवर्जून सांगावे.