तलावात पाणीच नसेल तर? महागाईच्या दिवसांत दीघजाणु सुत्त



आजचं वाचन : अंगुत्तर निकाय, अट्ठक निपात, दीघजाणु सुत्त. सोबत छक्क निपातातलं इण सुत्त.

मागच्या रविवारी गावी होतो. आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात. सकाळी विहारात वंदना झाली आणि दीघजाणु सुत्तावर चार शब्द बोलायला मला सांगितलं. दीघजाणु हा कोलियांच्या कक्करपत्त नावाच्या नगरातला गृहस्थ. तो भगवंतांना सरळच विचारतो की आम्ही लेकराबाळांत राहणारी माणसं, सोनं-चांदी, हार-चंदन वापरणारी. आमच्यासारख्यांना या जन्मात सुख कशाने मिळेल ते सांगा.

भगवंत त्याला ‘आधी संसार सोड’ असं म्हणत नाहीत. चार गोष्टी सांगतात : आपलं काम मेहनतीने आणि अकलेने करणं, कष्टाने मिळवलेलं सांभाळणं, चांगल्या माणसांची संगत धरणं, आणि समजीविका, म्हणजे आवक-जावक ओळखून बेताने जगणं. तराजू धरणाऱ्याला पारडं किती खाली गेलं, किती वर आलं हे जसं कळतं, तसं घर चालवणाऱ्याला आपल्या मिळकतीचं आणि खर्चाचं कळलं पाहिजे. थोडी कमाई असून उधळणारा चुकतो, आणि भरपूर असून पोटाला चिमटा काढणाराही चुकतो. हे दुसरं आपण सहसा विसरतो. कंजूषपणा म्हणजे काटकसर नव्हे.

पुढे तलावाची उपमा येते. तलावात पाणी यायच्या चार वाटा आणि जायच्या चार वाटा. बाहेरख्यालीपणा, दारू, जुगार आणि वाईट संगत या जायच्या वाटा. याच्या उलट वागणं या यायच्या वाटा. येणाऱ्या वाटा बुजवल्या, जाणाऱ्या उघड्या ठेवल्या आणि पाऊसही पडला नाही, तर तलाव आटणारच.

आपल्या जिल्ह्यात ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. नवेगाव बांध जवळ आहे, गावोगावी माजी मालगुजारी तलाव आहेत. पाळ म्हणजे काय, तुडूम कधी उघडायचं हे रोवणी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. त्यामुळे माझं बोलणं छान झालं असं मला वाटलं. ‘म्हणून मित्रहो, खर्च कमी करा’ असं म्हणून मी बसलो.

तेवढ्यात मागून एक मावशी म्हणाल्या, ‘पण बापू, तलावात पाणीच नसल, तं तुडूम बंद करून का फायदा?’

लोक हसले. मला मात्र उत्तर देता आलं नाही. आजचं लिखाण त्या प्रश्नावर आहे.

पाऊस कोणाच्या हातात?

सुत्तातली उपमा नीट वाचली तर तिथे पावसाचाही उल्लेख आहे. म्हणजे घरातल्या माणसाने वाटा सांभाळायच्या हे खरं, पण पाऊस त्याच्या हातात नाही, हे भगवंतांनी गृहीत धरलंय. मी बोलताना नेमका हा भाग गाळला होता.

साधा हिशोब पाहू. साधारण धानाचा हमीभाव 2024-25 साठी क्विंटलला 2,300 रुपये होता, 2025-26 साठी 2,369. वाढ 69 रुपये, म्हणजे 3 टक्के. तेवढ्यात खत, ट्रॅक्टरचं भाडं, रोवणीची मजुरी, पोरांची फी हे सगळं बसवायचं. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर 20 टक्के मूळ आयात शुल्क लावलं. मे 2025 मध्ये ते 10 टक्क्यांवर आणलं. शुल्क लावण्यामागे तेलबिया पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा विचार असेल, पण आपल्याकडे धान पिकतं आणि तेलाचं पाकीट दुकानातून येतं. मावशींनी ना उधळपट्टी केली, ना जुगार खेळला, तरी फोडणी महागली.

बाबासाहेबांना हे पक्कं ठाऊक होतं. 1923 साली आलेला त्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ रुपयाच्या किमतीबद्दल आहे. रुपयाची देशातली खरेदी करण्याची ताकद स्थिर राहिली पाहिजे, हा त्यातला एक मुख्य धागा. भाव चढतात तेव्हा मजुरी त्याच वेगाने चढत नाही, आणि व्यापाराचा जो नफा दिसतो त्यातला काही मजुराच्या नुकसानीतून येतो, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे महागाई ही मागच्या जन्माची शिक्षा नाही. ती माणसांनी घेतलेल्या निर्णयांतूनही येते, म्हणून तिच्याबद्दल जाब विचारता येतो.

धम्मातही हे आहे. दीघ निकायातल्या कूटदंत सुत्तात राजाला सल्ला मिळतो की चोऱ्या नुसत्या शिक्षेने थांबणार नाहीत. शेती करणाऱ्याला बियाणं आणि चारा दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, नोकरी करणाऱ्याला पुरेसं वेतन दे. पाऊस पाडायची काही जबाबदारी राज्याची आहे, असाच याचा अर्थ. तेव्हा रेशनचं धान्य घेताना, हमीभाव किंवा रोजगार हमीचं काम मागताना मान खाली घालू नका. तो हक्क आहे.

मग आपल्या हातात काय?

वंदनेनंतर मावशी बाहेर थांबल्या होत्या. खरा प्रश्न तिथे निघाला. गटाची दोन कर्जं चालू होती. एकाचा हप्ता आठवड्याला 950, दुसऱ्याचा महिन्याला 2,600. तिसरं 30,000 चं मिळत होतं, पहिली दोन ‘फेडायला’. घरात कोणालाच माहीत नव्हतं. नवऱ्याला एकाच कर्जाचं सांगितलेलं.

विहाराच्या पायरीवर बसून आम्ही हिशोब केला. आठवड्याला 950 म्हणजे वर्षाला 49,400, महिन्याला साधारण 4,100. दोन्ही मिळून 6,700. घरात येणारे सरासरी 11,000. रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम असा आहे की वर्षाला 3 लाखांपर्यंत मिळकत असलेल्या घराला असं कर्ज देताना सगळे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. इथे निम्मे म्हणजे 5,500. पाणी आधीच पाळीवरून चाललं होतं, तिसऱ्या कर्जाने पाळच फुटली असती.

इण सुत्तात भगवंत हीच साखळी सांगतात : गरिबी, मग कर्ज, मग व्याज, मग तगादा, मग पाठलाग, मग बंधन. प्रत्येक पायरी दुःखाची. पण या सुत्तातली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढे आहे. माणसाच्या वाईट वागण्याला ते कर्जाची उपमा देतात, आणि ते वागणं लपवण्यासाठी जी धडपड होते तिला व्याजाची. लपवणं हेच व्याज! कर्ज तेवढंच राहतं, लपवण्याने ते वाढत जातं. गरजेपोटी घेतलेलं कर्ज हे काही पाप नाही, मावशींनी तर ते घरासाठीच घेतलं. पण लपवण्याचं व्याज त्यांनाही लागत होतं : खोटं बोलणं, झोप न लागणं, दारात गाडी थांबली की छातीत धडधड. तलावात गाळ साचला की पाऊस येऊनही पाणी मावत नाही, तसं.

हे मी मावशींना सांगत होतो आणि मला माझंच आठवलं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, पगार बरा आहे. तरी मागे आठ महिने क्रेडिट कार्डाची फक्त किमान रक्कम भरत होतो आणि बायकोला सांगितलं नव्हतं. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के. इंजिनीअर माणूस, चक्रवाढ व्याजाचं सूत्र तोंडपाठ, आणि बिल उघडायची हिंमत नाही. ज्या दिवशी घरी सांगितलं त्या दिवशी कर्ज एक रुपयानेही कमी झालं नाही, पण त्या रात्री झोप लागली. मी हे मावशींनाही सांगितलं. ‘तुमचंही असंच का बापू?’ म्हणाल्या आणि पहिल्यांदा थोडं हसल्या.

त्यांनी तिसरं कर्ज घेतलं नाही. संध्याकाळी नवऱ्याला आणि मुलाला सगळं सांगितलं. भांडण झालं, ते मी लपवत नाही. मुलाने हप्त्यावर घ्यायचा मोबाईल पुढे ढकलला. हप्त्याची मुदत वाढवून मागायला ते दोघं जाणार आहेत. कर्ज अजून आहेच. पण आता ते एकटीचं नाही.

आजचा अभ्यास

1. कागदावर दोन रकाने करा : येणारं आणि जाणारं. आठवड्याचा हप्ता गुणिले 52, भागिले 12, असा महिन्याचा आकडा काढा. ‘शेकडा पाच’ हे महिन्याचं व्याज असेल तर ते वर्षाला 60 टक्के होतं, हे शेजारी लिहा.

2. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितलेत : एक उपभोगाला, दोन कामधंद्यात, एक अडीअडचणीला. रोजंदारीवरच्या घराला चौथा भाग जमणार नाही. दीघजाणु सुत्तात आकडा नाही, फक्त आवक जावकेच्या वर राहावी एवढंच आहे. दहा रुपये उरले तरी दिशा बरोबर आहे.

3. जुनं कर्ज फेडायला नवं घेण्याआधी घरातल्या एका माणसाला खरं सांगा. गटाच्या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करता येत नाही, धमकी देता येत नाही, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. तोही रिझर्व्ह बँकेचाच नियम. खासगी सावकाराकडे परवाना आहे का ते विचारा.

4. ज्यांच्या तलावात थोडं पाणी आहे त्यांच्यासाठी : कल्याणमित्र होणं ही त्या चारांतलीच एक गोष्ट. शेजाऱ्याला उपदेशाआधी त्याचा हिशोब करून द्यायला अर्धा तास द्या.

अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत एक आहे अनृण सुख, कोणाचं देणं नसल्याचं सुख. आणि सगळ्यांत मोठं सांगितलंय ते निर्दोष जगण्याचं सुख, ज्याच्या सोळाव्या भागाची सर बाकीच्यांना येत नाही. पहिलं मिळायला मावशींना कदाचित दोन वर्षं लागतील. दुसऱ्याची सुरुवात त्यांनी रविवारी संध्याकाळीच केली.

तुमच्या घरात असा एखादा न उघडलेला कागद असेल, तर आज उघडा.

सर्वांचं मंगल होवो. जय भीम.