पालकांचे आरोग्य : आतड्याच्या कर्करोगाची वेळीच तपासणी

अंबड तालुक्यातील अंकुशनगर हे समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने वसलेले गाव. अशा गावातील शाळकरी मुलांचे पालक बहुधा तीस ते पन्नास वर्षांचे असतात. शेती, गळीत हंगाम व मुलांचे शिक्षण यांचा भार त्यांच्यावरच असतो. "मला काही होत नाही, मग तपासणी कशाला?" असे ते विचारतात. या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांस देता यावे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

रोगाचे स्वरूप : मोठ्या आतड्याचा कर्करोग एकाएकी होत नाही. आतड्याच्या अस्तरावर प्रथम लहानशी गाठ उगवते. सर्वच गाठी बिघडत नाहीत. ज्या बिघडतात त्यांना बहुधा दहाएक वर्षे लागतात. या अवधीत काही दुखत नाही. दुर्बिणीच्या तपासणीत गाठ आढळल्यास ती बहुधा त्याच वेळी काढता येते व पुढील रोग टळतो. म्हणून निरोगी वाटत असतानाच तपासणी करावयाची.

मराठवाड्यातील दाखला : तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी अभ्यास झाला. टाटा स्मारक केंद्र व बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय त्यात सहभागी होते. ज्या गटात विषाणूची तपासणी एकदाच झाली, त्या गटातील मृत्यू सुमारे निम्म्याने घटले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तो रोग निराळा. परंतु धडा तोच.

तपासणी कोणी करावी : अमेरिकेत तरुण वयात हा रोग वाढल्यामुळे तेथील तज्ज्ञांनी २०२१ मध्ये तपासणीचे वय ५० वरून ४५ वर आणले. भारतात रोगाचे प्रमाण त्याहून कमी आहे. येथील सरकारी तपासणी ३० वर्षांवरील व्यक्तींच्या मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगापुरती आहे. आतड्याविषयी आपणच डॉक्टरांस विचारावे लागते. पंचेचाळिशी आली की विचारावे. आईवडील वा भावंडांस हा रोग झाला असल्यास चाळिशीतच, किंवा त्यांस ज्या वयी झाला त्याच्या दहा वर्षे आधी विचारावे. पहिली तपासणी सोपी असते : शौचाचा नमुना देऊन त्यातील डोळ्यांस न दिसणारे रक्त शोधतात. रक्त आढळले तर दुर्बिणीची तपासणी करावी लागते.

शिक्षकांचे कार्य : शौचातून रक्त पडले की ग्रामीण भागात "मूळव्याध असेल" म्हणून झाडपाला घेतला जातो आणि लाजेने गोष्ट लपविली जाते. शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, कारणावाचून घटणारे वजन व पंडुरोग हीही लक्षणे होत. ती असणाऱ्याने वय न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. पालकसभेत शिक्षकाने हे निःसंकोच सांगावे. ज्या विषयाची गुरुजींस व बाईंस लाज वाटत नाही, त्याची गावासही फार दिवस वाटत नाही.