तारुण्यपीटिका आणि ताटातील साखर

दिल्लीच्या न्याहारीत छोले आणि भटुरे एकत्र नांदतात. रक्तातील साखरेच्या दृष्टीने मात्र दोघांचे स्वभाव भिन्न. काबुली चणा सावकाश पचतो, मैदा झपाट्याने. हा वेग दर्शविणारा ग्लायसेमिक निर्देशांक डेव्हिड जेन्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी टोरांटो येथे 1981 मध्ये मांडला. त्यात शुद्ध ग्लुकोजला 100 अंक देतात.

मधुमेहींसाठी योजलेल्या या मापाचा मुरुमांशी संबंध काय? साखर एकदम चढली की इन्सुलिन वाढते, सोबत आयजीएफ-1 या वृद्धिघटकाची क्रियाही. तैलग्रंथी अधिक स्रवतात, रोमरंध्रे बुजतात. ऑस्ट्रेलियात 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 15 ते 25 वयाचे 43 तरुण होते. 12 आठवडे मंद शर्करेचा आहार घेणाऱ्यांचे मुरूम इतरांपेक्षा अधिक घटले. संख्या लहान, म्हणून दावाही बेतानेच करावा.

तेव्हा छोल्यांवर रुसण्याचे कारण नाही. भटुऱ्याऐवजी बेसनाची मिस्सी रोटी घ्यावी. राजमा-चावल खाताना राजमा वाढवावा, भात आवरावा. खरा आवर हवा तो शीतपेये आणि जिलबीला. मात्र गाठी होऊन व्रण पडू लागले असतील, तर पथ्याच्या भरवशावर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणे लांबवू नये. पडलेले व्रण आहाराने भरून येत नाहीत.