साडेआठला साडेआठच म्हणावं

नाट्यप्रयोगांचं वेळापत्रक मराठीत दाखवणारी एक जावास्क्रिप्ट स्क्रिप्ट मी सांभाळतो. तारीख आणि वेळ मांडणारं फंक्शन हा तिचा जीव. प्रेक्षक त्यावर विसंबून घरातून निघतो, म्हणून या थोड्याशा ओळींवर मी उरलेल्या सगळ्या कोडपेक्षा जास्त विचार केला.

१. तयार काय मिळतं ते आधी पाहावं. ब्राउझरमधल्या ‘इंटल’ या तयार सोयीला मराठी हवी म्हणून सांगितलं की महिन्यांची, वारांची नावं मराठीत येतात आणि आकडेही देवनागरी उमटतात. बारा महिन्यांची यादी पुन्हा टंकत बसू नये. स्वतः लिहायचं ते फक्त तिथे न मिळणारं.

२. महिना शून्यापासून सुरू होतो. ‘गेटमंथ’ जानेवारीला ० देतं आणि डिसेंबरला ११. तारीख मात्र १ पासूनच. ही रीत सी भाषेची. ती जावात आली आणि जावाच्या तारखेवरून १९९५ साली जावास्क्रिप्टने उचलली. वर्षातून १९०० वजा करण्याची सवयही सोबत आली, त्यामुळे २००० साल उजाडल्यावर ‘गेटइयर’ १०० सांगू लागलं आणि कित्येक वेबपानांवर ‘१९१००’ हे साल झळकलं. ‘गेटफुलइयर’च वापरावं.

३. साठवण वेगळी, मांडणी वेगळी. ‘०५/०८/२०२५’ आपण ५ ऑगस्ट वाचतो, जावास्क्रिप्ट ८ मे. म्हणून साठवताना आयएसओ ८६०१ या मानकाप्रमाणे वर्ष-महिना-दिवस हाच क्रम ठेवावा. त्यातही एक खोच आहे. ‘२०२५-०८-०५’ एवढंच दिलं, तर जागतिक प्रमाणवेळेची (यूटीसीची) मध्यरात्र धरली जाते. भारतात त्या क्षणी पहाटेचे साडेपाच, तारीख तीच, त्यामुळे काही खटकत नाही. न्यूयॉर्कच्या संगणकावर मात्र ४ तारीख दिसते. उलट बाजूने, ‘टू-आयएसओ-स्ट्रिंग’मधून तारीख कापून घेतली, तर भारतात मध्यरात्रीपासून साडेपाचपर्यंत आदल्या दिवसाची तारीख हाती येते.

४. फरकाचे तास लिहू नयेत, शहर लिहावं. मराठी नाटकं न्यू जर्सीलाही जातात. तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेनऊ तास असतं, हिवाळ्यात साडेदहा. हा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. फंक्शनला ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ किंवा ‘एशिया/कोलकाता’ असं नाव दिलं, की हा हिशेब ब्राउझर करतो.

५. वेळ बोलतात तशी लिहावी. या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग हाच, आणि तो कुठल्याही तयार सोयीत मिळाला नाही. मिनिटं १५ असतील तर ‘सव्वा’, ३० असतील तर ‘साडे’, ४५ असतील तर पुढचा तास घेऊन ‘पावणे’. नियम तीन ओळींत बसतो, पण दुपारी बारा ते तीनमध्ये तो मोडतो. साडेबारा ठीक; पुढे १२.४५ म्हणजे नुसती ‘पाऊण’, १.१५ ‘सव्वा’, १.३० ‘दीड’, मग १.४५ नियमाप्रमाणे ‘पावणेदोन’, ‘सव्वादोन’ आणि लगेच ‘अडीच’. हे चार अपवाद मी वेगळ्या छोट्या तक्त्यात ठेवतो आणि तो नियमाआधी तपासतो. ‘आत्ता किती वाजले’ हे दाखवायचं असेल तर क्रियापदही बदलतं: पाऊण, सव्वा, दीड वाजला, पावणेदोनपासून पुढे वाजले. बाकीच्या मिनिटांसाठी सरळ ‘८.२०’ लिहावं, वेळापत्रकात ‘आठ वाजून वीस मिनिटांनी’ फार जागा खातं.

वेळेआधीचा शब्दही तितकाच महत्त्वाचा. दिवाळी पहाटेचा कार्यक्रम ‘सकाळी पाच’ला असं आपण म्हणत नाही, ‘पहाटे पाच’लाच म्हणतो. चारचा प्रयोग दुपारचा, साडेसहाचा संध्याकाळचा, साडेआठचा रात्रीचा. या सीमा काटेकोर नाहीत, गावागणिक थोड्या सरकतात. मी नाटकांच्या जाहिरातींतल्या ‘दु. ४’, ‘रा. ८.३०’ या रुळलेल्या रीतीवरून त्या ठरवल्या. आपला प्रेक्षक तीच भाषा वाचत आला आहे.

६. मध्यरात्रीनंतर दोन्ही वार छापावेत. ‘शनिवारी रात्री साडेबारा’ म्हटलं की घरातल्या माणसाच्या मनात शनिवारची रात्रच असते, कॅलेंडरवर मात्र रविवार लागलेला असतो. असे प्रयोग क्वचित होतात, पण वार चुकलेल्या प्रेक्षकाला बंद दारावरून परत फिरावं लागतं. म्हणून बारा ते चारच्या वेळेला माझं फंक्शन ‘शनिवार ९ ऑगस्टची रात्र संपताना, रविवार १० ऑगस्ट, रात्री साडेबारा’ असं लांबलचक वाक्य देतं. तिथे जागा वाचवू नये.

७. चाचणीच्या वेळा आधीच लिहून ठेवाव्यात. माझ्या यादीत रात्रीचे बारा (तास शून्य असतो, छापायचा बारा), दुपारची पाऊण, दीड, अडीच, ३१ डिसेंबरच्या रात्रीचे ११.५९ आणि २९ फेब्रुवारी २०२८ आहेत. ही यादी एकदा भारताच्या घड्याळावर चालवतो, मग संगणकाचं घड्याळ न्यूयॉर्कवर लावून पुन्हा. दोन्हीकडे प्रत्येक ओळ अक्षरशः सारखी उमटली, तरच नवी आवृत्ती वर चढवतो.